शर्वाणीच्या पेशी ऐकत नाहीत

"औषध तेच, डोसही तोच. मग गौतम बरा होऊन घरी गेला आणि मी इथेच का?"

तेरा वर्षांच्या शर्वाणीने सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. साल होतं २०५८. तिला आणि आधी शेजारच्या खाटेवर असलेल्या गौतमला एकाच प्रकारचा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला होता. दोघांनाही लिपिडांपासून (स्निग्ध पदार्थांपासून) बनवलेलं नवं औषध दिलं होतं. गौतमच्या रोगट पेशी भराभर घटल्या. शर्वाणीच्या जागच्या हलल्या नाहीत.

"तुझ्या शरीराने साथ दिली नाही गं," नर्स हळहळली.

"माझ्या शरीराला बोल लावू नका!" शर्वाणी उसळली. "मला माझ्या पेशी दाखवा."

संशोधक डॉ. फरीदा तांबोळींनी तिची चाकांची खुर्ची थेट प्रयोगशाळेत आणली.

"पेशीचं पटल (बाहेरचं आवरण) स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं," त्या म्हणाल्या. "आपलं औषध त्या रेणूंसारखंच दिसतं, म्हणून ते पटलात शिरतं. पुरेसं शिरलं, की पेशीच्या आतला कारभार बिघडतो आणि ती मरते. बघ."

टिपू नावाच्या यंत्रमानवाने चमकणारं औषध दोघांच्या साठवलेल्या पेशींच्या दोन बश्यांत सोडलं. पडद्यावर गौतमची पेशी हिरवीगार झाली. शर्वाणीची काळीच राहिली.

"माझ्या पेशीत शिरतच नाहीये!"

"हो. आजाराचं नाव एक, पण पेशींची घडण वेगळी."

"मग दुसरं औषध लावा."

"या जातीची आणखी नऊ औषधं आहेत," टिपू म्हणाला.

एक, दोन, तीन... पहिली आठही फुकट गेली. शर्वाणीचे ओठ पांढरे पडले होते.

"थकलीस बाळा. उद्या बघू," डॉक्टर म्हणाल्या.

"थकलेय. पण नववं बघितल्याशिवाय मी हलणार नाही."

नववा थेंब पडला. काळी पेशी हळूहळू हिरवी झाली, सुरकुतली, फुटली. तेच औषध टाकलेल्या तिसऱ्या बशीतल्या तिच्या निरोगी पेशी मात्र शाबूत होत्या.

"हे बशीतलं झालं," डॉक्टर सावधपणे म्हणाल्या. "शरीरात काय होईल, ते सांगता येत नाही."

"मग करून बघू. मी तयार आहे."

सगळ्या परवानग्या आल्या, आईबाबांनी सही केली. सहा आठवड्यांनी तिच्या रक्तातल्या रोगट पेशी शंभरात ऐंशीवरून चारवर आल्या. अजून चार होत्या.

त्याच दिवशी वॉर्डात त्याच आजाराची सात वर्षांची एक नवी मुलगी आली. नर्सने औषध भरलेली सुई उचलली.

"थांबा," शर्वाणी खाटेवरून खाली उतरली. "हिच्या पेशींवर हे तपासलंय?"

"अजून नाही..."

"मग सुई खाली ठेवा."