मखमलाबादची घंटा

चीनच्या सम्राटांचा आणि मखमलाबादच्या झेंडूच्या मळ्याचा काय संबंध, असं कुणीही विचारील. प्रतिभानेही तो कधी जोडला नव्हता. ती नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि एका पाठ्यपुस्तकातला चीनच्या शेवटच्या राजघराण्यांचा धडा तिच्या वाट्याला आला होता. धडा रखडला होता. संदर्भाची पुस्तकं मळ्यातल्या घरीच राहिली होती, आणि सोमवारी ते घर लग्नाच्या लॉन्सवाल्याच्या ताब्यात जायचं होतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी ती एकटीच तिकडे गेली. धडा संपवायचा आणि सकाळी पुस्तकं उचलायची, एवढंच काम होतं.

आबांना जाऊन सव्वा महिना झाला होता. आबा म्हणजे तिचे वडील, खंडेराव. पन्नास वर्षं त्यांनी इथे झेंडू पिकवला. पहाटे पाचला ते दारातल्या चिंचेला टांगलेली पितळी घंटा बडवायचे, की वस्तीवरच्या बायका टोपल्या घेऊन हजर. सगळ्या जमल्या की आणखी एक टोला पडायचा, एकच. मग तोडणी सुरू. पुढे शहर अंगावर आलं, बायका बंगल्यांत आणि कंपन्यांत कामाला लागल्या, प्रतिभाचा धाकटा भाऊ भारत पुण्याला गेला. आबांना अर्धांगवायू झाला आणि मळ्याचं सपाट मैदान झालं. पण जित्याची खोड! त्यांनी घंटेची दोरी खिडकीतून आत घेऊन खाटेला बांधायला लावली. पडल्या पडल्या रोज पहाटे घंटा वाजवायचे. येणारं कुणी नव्हतंच. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. घंटा वाजली की माणसं कूस बदलायची.

आबा गेले त्या पहाटे प्रतिभा बाहेरच्या खोलीत हाच धडा लिहीत बसली होती. मिंग घराण्याचा मूळपुरुष गरीब शेतकऱ्याचा मुलगा, दारोदार भीक मागितलेला. पावणेतीनशे वर्षांनी त्याच घराण्याच्या राजधानीत बंडखोर शिरले, तेव्हा शेवटच्या सम्राटाने पहाटे दरबाराची घंटा वाजवून मंत्र्यांना बोलावलं, असं सांगतात. ‘कुणीही आलं नाही,’ हे वाक्य ती लिहीत होती आणि चिंचेवरची घंटा वाजली. “हो आबा,” ती जागेवरूनच म्हणाली. घंटा पुन्हा वाजली. तिने वाक्य पुरं केलं, मग त्याच्या पुढचंही. आत गेली तेव्हा आबांच्या मुठीत दोरी होती आणि डोळे दाराकडे होते.

भारतला तिने फोनवर सांगितलं, “झोपेतच गेले रे. मलाही जाग आली नाही.”

चीनमध्ये रीत होती. घराणं पडलं की त्याचा इतिहास पुढचं घराणं लिहून काढायचं. मिंगांचा इतिहास छिंगांनी लिहिला. वर्गात ती दरवर्षी विचारायची, जिंकलेल्याने हरलेल्याचं कितपत खरं लिहिलं असेल? आबांचा इतिहास तिने स्वतः लिहिला होता. एकाच ओळीत, आणि तीही खोटी. ही गोष्ट तिला आतून कुरतडत होती.

रविवारी ती पहाटे चारलाच उठून लिहायला बसली. सोंग घराण्याचा शेवटचा बालराजा समुद्रात बुडाला. मंगोलांचं युआन घराणं शंभर वर्षंही टिकलं नाही. छिंगांचा शेवटचा सम्राट सहा वर्षांचा असताना गादीवरून उतरला. सगळं झालं. मधलं मिंगांचं पान तेवढं तिने टाळलं होतं. आता ते पुढ्यात ओढलं. बाहेर धुकं होतं. कुठेतरी ओल्या मातीचा वास येत होता.

घंटा वाजली.

घंटा इथे नव्हतीच. तेराव्यानंतर भारत ती गाडीत घालून पुण्याला घेऊन गेला होता. दोरी तेवढी राहिली होती.

घंटा पुन्हा वाजली. या वेळी प्रतिभा उठली. आतल्या खोलीत रिकामी खाट होती. दोरी खिडकीपर्यंत ताणलेली होती... आणि हळूहळू सैल पडत होती.

“आबा... आले मी,” ती म्हणाली.

दारावर थाप पडली. दारात वत्सलाबाई उभी, वस्तीवरची सगळ्यात जुनी तोडणीवाली. काखेत टोपली.

“मावशी, तुम्ही? एवढ्या पहाटे?”

“घंटा वाजली ना. म्हणून आले.”

“घंटा तर भारतने नेली...”

“ते मला नको सांगू पोरी. पन्नास वर्सं ऐकलीय मी.”

प्रतिभाला राहवलं नाही. “मावशी, त्या दिवशी मी जागी होते. ऐकत होते. तरी उठले नाही.”

म्हातारीने काखेतली टोपली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “म्या बी ऐकली. दोन डाव वाजली. म्हणलं, म्हाताऱ्याची सवय हाय... अन् गोधडी डोक्यावर घेतली. शेजारची सविता बी जागीच व्हती. समद्यांनी ऐकली, पोरी. आज मात्र कुणाला झोपवंना.”

चिंचेखाली धुक्यात सविता आणि आणखी दोघी-तिघी टोपल्या घेऊन उभ्या होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. समोर रोलर फिरवलेली उघडी जमीन. प्रतिभा जाऊन त्यांच्या रांगेच्या टोकाला उभी राहिली, लहानपणी उभी राहायची तिथे. तिला रडू फुटलं.

तेवढ्यात एक टोला पडला. एकच.

बायका सवयीने वाकल्या. प्रतिभाही वाकली. त्या धुक्यात हातांना काय लागलं ते पुढे कुणीच बोललं नाही. उजाडलं तेव्हा टोपल्या रिकाम्या होत्या, जमीन तशीच होती, आणि साऱ्यांची बोटं झेंडूने पिवळी झाली होती.

त्याच पिवळ्या बोटांनी तिने भारतला फोन लावला आणि खरं ते सांगितलं. तो रडला, मग चिडला. मिंगांच्या पानावर ‘कुणीही आलं नाही’च्या पुढे तिने लिहिलं, ‘ऐकली मात्र पुष्कळांनी असेल.’

आठवड्याने लॉन्सवाल्याचा फोन आला. “मॅडम, ती तुमची घंटा काढून न्या ना. कुठं लावलीय ते सापडत नाही. पहाटे पाचला वाजते, वॉचमनची झोपमोड होते.”

प्रतिभाने आपल्या बोटांकडे पाहिलं. पिवळेपणा अजून गेला नव्हता.

“वॉचमनला सांगा,” ती म्हणाली, “वाजली की उठून आत जायचं. खाटेवर कुणी नसलं तरी.”

“खाट?” तो म्हणाला. “तुम्हाला कसं कळलं? घर तर आम्ही मंगळवारीच पाडलं. पण ती खाट, कितीदा हलवली तरी, रोज पहाटे मैदानाच्या मधोमध असते.”