तिसऱ्या पायरीवरची चूक

ट्यूनिसहून स्फाक्सला जाणारी शेअर टॅक्सी आठ उतारू भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या दिवशी सातच होते. उमैमा मागच्या सीटवर मांडीवर कागद घेऊन गणितातल्या वेण्या, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या बटांच्या आकृत्या, काढत बसली होती. आठवा आला तो नेमका तिच्या शेजारी टेकला आणि मेला खुशाल कागदात डोकावू लागला.

"वेण्या माझी बहीणही घालते," तो म्हणाला. "त्यासाठी एवढं शिकावं लागत नाही."

"तुमच्या बहिणीच्या वेणीवर क्वांटम संगणक चालतो का?"

"अख्खं घर चालतं... पण ही दुसरी बट वरून नको, खालून घ्या."

तिने पाहिलं — खरंच की! हा बाबा तिच्याच पंथातला निघाला. नौफल त्याचं नाव, फ्रान्सहून शिकून स्फाक्सच्या गणित विभागात, म्हणजे तिच्याच विभागात, रुजू व्हायला चालला होता. ऑलिव्हची झाडं मागे पळत राहिली आणि रस्ता कधी संपला ते तिला कळलंच नाही.

मग काय, रोजचंच झालं. बंदराजवळच्या कॅफेत बदामाचं सरबत आणि भांडण. कणांच्या वाटा वेणीसारख्या गुंफून चालणाऱ्या क्वांटम संगणकाचं कुठलंही गणित मोजक्या वेण्यांनी सुटतं, असं तिचं म्हणणं. तो मुद्दाम खोड काढायचा. पेन घेताना हाताला हात लागायचा... आणि दोघंही तो मागे घ्यायला विसरायची.

त्या म्हणण्याची सिद्धता पुरी झाली तेव्हा तिने ती सगळ्यांत आधी त्यालाच दाखवली. दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुण्यांपुढे व्याख्यान होतं; त्यांना पटलं तर त्यांच्या पैशांतून स्फाक्समध्ये तिचा स्वतःचा संशोधनगट उभा राहणार होता. तिसऱ्या पायरीशी नौफल जरा रेंगाळला. मग तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, सुंदर आहे. झालं, बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

व्याख्यानात विभागातले सर्वांत जुने सर मुख्तार, ज्यांना सगळे मानाने 'सी मुख्तार' म्हणत, यांनी हात वर केला. तिसऱ्या पायरीवर दोन वेण्यांचा क्रम उलटवलास पोरी, तसा उलटवता येतो हे कुठे दाखवलंस, त्यांनी शांतपणे विचारलं. अहो, क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे तर या विषयाचं बाळकडू! उमैमाने फळ्यावरची तिसरी पायरी पुसली, आणि तिच्यावर टेकलेलं खालचं सगळंच पुसावं लागलं. पाहुणे गोड बोलून निघून गेले, आणि गटाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

नौफलने तिला जिन्यात गाठलं. त्याचा चेहराच सांगत होता.

"काल कळलं होतं तुला?"

"हो... तू इतकी आनंदात होतीस. प्रेम आहे माझं तुझ्यावर, उमैमा. तुझा आनंद मोडवला नाही मला."

"माझंही होतं," ती म्हणाली. "म्हणून तर आधी तुला दाखवलं. कौतुक हवं असतं तर आईला दाखवलं असतं."

ती सरबताला पुन्हा गेली नाही. सिद्धता नव्याने मांडायला वर्ष गेलं, आणि सिद्ध झालं ते आधीपेक्षा बरंच थोडं. लेखाच्या शेवटी, रीतीप्रमाणे, चूक दाखवणाऱ्याचे आभार मानले होते — सी मुख्तार यांचे. छापायला जाण्याआधी विभागात फिरलेला तो लेख वाचून नौफल तिच्या खोलीच्या दाराशी आला. बराच वाळला होता.

"माझं नाव नाही कुठे," तो म्हणाला.

"कशाबद्दल घालू?" तिने विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं, टोमणा नव्हता त्यात.

त्याने लेखाची घडी करून खिशात घातली आणि निघाला. तो गेल्यावर तिने दार लावलं आणि पोटभर रडली. नाव मात्र घातलं नाही.