शनिवारची शेवटची वाफ

खुर्ची जरा दिव्याजवळ ओढून घ्या. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, आणि ही गोष्ट तशीही मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

नोव्हेंबरची चौदा तारीख, शनिवार. सकाळी दहाच्या सुमारास मी लेम्पीकाकूंच्या जुन्या रायफलचं मॅगझिन दुरुस्त करायला बसलो. मॅगझिन म्हणजे रायफलच्या पोटात खालून बसणारी पत्र्याची डबी. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर पाच काडतुसं, आणि वरच्या तोंडाला आत वळलेल्या दोन कडा. आम्ही त्यांना ओठ म्हणतो. ओठ झिजून फाकले की काडतूस वेळेआधीच उडी मारतं आणि रायफल अडकते. नवी डबी मिळत नाही, कारण ती बनवणारा कारखाना माझे वडील जन्मायच्या आधीच बंद पडला. मग तेच ओठ पुन्हा वळवायचे, केसाकेसानं. त्यासाठी लागणाऱ्या पितळी जबड्यांच्या पकडी, तांब्याची छोटी हातोडी, डबीच्या आत घालायचे मेपलच्या लाकडाचे ठोकळे, हे सगळं ताउनोकाकांनी स्वतःच्या हातांनी घडवलं होतं.

ताउनोकाका म्हणजे लेम्पीकाकूंचे यजमान आणि माझे गुरू. मी नववीत शाळा सोडली, तेव्हापासून नऊ वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकलो. ते बोलायचे कमी. माझा हात चुकला की दातांतून हवा आत ओढायचे, "स्स्स". तेवढंच. एप्रिलमध्ये ते गेले. तेव्हापासून टेबलापाशी मी एकटाच.

आमचं कामाचं ठिकाण म्हणजे त्यांच्या वडिलांनी बांधलेली जुनी सौना. फिनलंडहून येऊन सुपीरियर सरोवराच्या काठी वसलेल्या आम्हा फिनी लोकांत घराच्या आधी वाफेचं न्हाणीघर बांधतात. धुरानं काळी झालेली ओंडक्यांची खोली, कोपऱ्यात दगड रचलेली चूल, भिंतीला लांब बाक. घराच्या तळघरात नवी सौना आली तेव्हा काकांनी इथे टेबल मांडलं. चूल आणि बाक मात्र जागचे हलू दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पंधरा तारीख, हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. तो रविवारी आला म्हणून पाद्रीबाबांनी प्रार्थना शुक्रवारीच उरकली होती. त्यांनाही जायचं होतं. लेम्पीकाकू एकोणऐंशी वर्षांच्या, आणि साठ वर्षांत त्यांनी एकही पंधरा तारीख चुकवली नव्हती.

"ओन्नी, मी काही तुझी परीक्षा घेत नाही," असं म्हणून त्यांनी सकाळीच माझी परीक्षा घेतली. "उद्या पाचही काडतुसं नीट चढली तर टेबल, हत्यारं, खोली, सगळं तुझं. अडकली, तर माझा भाचा इथे त्याची बर्फगाडी ठेवणार. तो जीव खातोय माझा. एकदाचा निकाल लागू दे."

मला दुसरं काही येत नाही हो. डबीचे ओठ वळवता येतात, एवढंच.

म्हणून मी जपून काम केलं. ठोकळा आत घातला, पकडीनं एकेक ओठ दाबला, लाकडाची पाच खोटी काडतुसं भरून चढवून पाहिली. पाचही लोण्यासारखी गेली. डबी खिडकीत ठेवून मी घरात कॉफी प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर ओठ फाकलेले. थोडेथोडके नाहीत. डबीनं जांभई दिल्यासारखे.

पत्रा जुना आहे, उसळला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पुन्हा वळवले. या वेळी दाराला कुलूप लावून गेलो. आलो तेव्हा ओठ उलट इतके घट्ट मिटलेले, की आत काडतूस सोडा, आगपेटीची काडी जाईना. रुसलेल्या बाईसारखे.

खोलीत आवाज नव्हता. बाहेर बर्फ पडत होतं, आणि बर्फ पडताना सगळ्या जगाच्या कानात कापूस घातल्यासारखं होतं. फक्त जुन्या धुराचा वास येत होता... रोजच्यापेक्षा जरा जास्त. आणि कुणीतरी थंडीनं नाक ओढावं तसा एक बारीक आवाज, चुलीच्या मागून.

तिसऱ्यांदा ओठ वळवले, डबी खिशात घातली, खिशाचं बटण लावलं आणि तडक काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो.

"काकू... ही बघा. झाली."

त्यांनी डबी हातात घेतली. उलटीसुलटी केली.

"ही झाली म्हणतोस?"

एक ओठ आत, एक बाहेर. आणि डबी ओली होती. माझा खिसा कोरडा ठणठणीत.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवून तसाच धरून बसल्या.

"तिथे शेगडी कुठली लावतोस?"

"विजेची. छोटी."

"चूल?"

"एप्रिलपासून नाही पेटवली. लाकूड कशाला जाळायचं म्हटलं..."

"आणि पाण्याची बादली?"

"तीत तेलाची फडकी ठेवतो."

पाव कॉफीत पडला.

"तेलाची फडकी!" काकू म्हणाल्या. "त्याच्या बादलीत! अरे गाढवा, शनिवारची शेवटची वाफ कुणाची असते?"

ते मला ठाऊक होतं. आमच्यातल्या पोरासोरांनाही असतं. सगळ्यांची अंघोळ झाली की शेवटची वाफ सौनातल्या घरधन्याची, म्हणजे तिथं राहणाऱ्या राखणदार आत्म्याची. तो गुडघ्याएवढा असतो, म्हातारा असतो, आणि त्याच्या वाट्याला कुणी जात नाही. पण ती सौना राहिली कुठे होती? तिथे तर टेबल होतं.

"टेबल तुमच्यासाठी. त्याच्यासाठी सौनाच," काकू म्हणाल्या. "एप्रिलपासून सोसलं त्यानं, आता सबुरी संपली." "टेबल मांडलं त्याच्या पहिल्याच आठवड्यात ताउनोच्या सगळ्या पकडींची तोंडं वाकडी झाली होती. मग त्यानं तडजोड केली. शनिवारी तीन वाजता हत्यारं खाली, चूल पेटवायची, तापल्या दगडांवर ओतायला बादली भरायची, अंगावर मारून घ्यायला बर्चच्या डहाळ्यांची जुडी ठेवायची आणि दार लावून निघायचं. तुला काय वाटलं, तुला शनिवारी दुपारी सुट्टी का द्यायचा?"

"मला वाटलं, ते झोपत असतील."

"झोपायचा तो रोजच. शनिवारी कामाला लागायचा."

मी पळतच गेलो. बादली तीनदा घासली. चूल पेटवली, दगड तापले, काकूंनी फडताळातून वाळक्या बर्चची जुडी आणून दिली. वाकडी डबी टेबलावरच ठेवली, दार लावलं आणि आम्ही दोघं बाहेर लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसलो. तीन वाजले होते. उजेड राखेसारखा झाला होता.

तेवढ्यात काकूंचा भाचा रँडी आला, हातात मोजपट्टी घेऊन.

"मावशी, दाराची रुंदी घेतो फक्त. गाडी बसेल ना बघतो."

"आत्ता आत जाऊ नकोस, रँडी."

"का? आत कोण न्हातंय?"

"हो," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघून हसला. "ओन्नी, वर्षातून एकदा तोंड उघडतोस, ते असं?" आणि आत गेला.

दार लागलं. आतून दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला, लांबलचक, सूं... मग सपकन एक फटका. रँडी बाहेर आला तेव्हा टोपी नव्हती, मोजपट्टी नव्हती आणि मानेवर बर्चचं एक ओलं पान चिकटलं होतं.

"आत... कुणीतरी दार लाव म्हणालं मला."

"आवाज कसा होता?" काकूंनी विचारलं.

"काकांसारखा."

 आत कुणीतरी समाधानानं सुस्कारा सोडला. त्याच्या मागोमाग आणखी एकानं. दोन होते.

काकू उठल्या. मला वाटलं, त्या रडणार. त्या दाराजवळ गेल्या, मूठ आपटली आणि ओरडल्या, "ताउनो! आत असलास तर सांग, फ्रीजरची किल्ली कुठे ठेवलीस? एप्रिलपासून अर्धं हरीण आत अडकून पडलंय!"

आत एकदम शांत.

"बघ," काकू मला म्हणाल्या, "जिवंतपणीही असंच. काही विचारलं की गप्प."

रँडीची गाडी तोवर फाटकाबाहेर गेली होती.

साडेचारला मी दार उघडलं. कढत, ओली वाफ आणि बर्चचा वास. बादली रिकामी, तळाशी एक छोटी किल्ली. काकूंनी ती एप्रनच्या खिशात टाकली. मग नाक पुसलं. बाकावर बसल्याच्या दोन ओल्या खुणा होत्या. एक लहान, तान्ह्या मुलाएवढी. दुसरी ऐसपैस.

"एकोणपन्नास वर्षं संसार केलाय," काकू त्या ऐसपैस खुणेकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ही मी कुठेही ओळखेन."

डबी मात्र तशीच वाकडी पडली होती. मला वाटलं होतं, कुणीतरी नीट करून ठेवील. कुणी केली नव्हती. मी पकड उचलली, तर तिचे दांडे गरम होते, जणू आताच कुणी खाली ठेवली होती. मी कामाला बसलो. खोटं बोलणार नाही, कुणी मदत केली नाही. फक्त एकदा, डावा ओठ मी जरा जास्त दाबायला गेलो तेव्हा मानेमागून, अगदी जवळून, आवाज आला.

"स्स्स..."

मी हात सैल सोडला. पाच खोटी काडतुसं भरली. पाचही गेली. रात्री तीनदा उठून पाहिलं, ओठ जसेच्या तसे.

रविवारी सकाळी आठच्या आत काकूंनी हरीण पाडलं. एकाच गोळीत. मग उरलेली चार काडतुसं त्यांनी मुद्दाम माझ्यासमोर एकेक करून चढवली आणि काढली. "अडकत नाही," म्हणाल्या, आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. रँडी अजून मोजपट्टी न्यायला आलेला नाही. ती तिथे खिळ्याला लटकवलेली आहे. मी नाही लटकवली.

तेव्हापासून मी शनिवार चुकवलेला नाही. तीन वाजता हत्यारं खाली, दार बंद, मी ओंडक्यावर. साडेचारला बाकावर दोन खुणा. आता मला त्यांची सवय झाली आहे. बरंसुद्धा वाटतं.

गेल्या शनिवारी मात्र तीन होत्या.

लहान, ऐसपैस, आणि त्यांच्या पलीकडे तिसरी, मध्यम. मी तर सगळा वेळ बाहेरच होतो. काकू माझ्या शेजारी लोकर विणत बसल्या होत्या, त्यांना विचारा. मी मोजपट्टी काढली. तिसरीची रुंदी घेतली. मग आमच्या धंद्यात शेवटी करतात तेच केलं, बसवून पाहिलं. म्हणजे, बसलो.

ओठांखाली काडतूस बसावं तसा बसलो. फट नाही, ताण नाही. जागा अजून गरम होती.

मी श्वास रोखून मानेमागच्या आवाजाची वाट पाहिली. कितीतरी वेळ.

"स्स्स" आलंच नाही.

म्हणजे माप अगदी बरोबर होतं.