खंडेनवमीला बटण कुणी दाबलं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागाप्पा संकेश्वरे राजारामपुरीतल्या माडीवर चढले, ते तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच.

"ताई, माझ्या छापखान्यात चोर शिरलाय. पगारी चोर!"

त्या माडीच्या दारावर दोन पाट्या होत्या. एक विजयमाला इंगवले यांची, 'खासगी तपास'. विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आता त्या स्वतःच्या हिमतीवर काम करत. दुसरी पाटी त्यांच्या मामेभावाची, बाबासोची, 'संगणक विक्री व दुरुस्ती'. गिऱ्हाईक हमखास चुकीच्या टेबलासमोर बसायचं. आजचं गिऱ्हाईक मात्र दोघांचंही निघालं. संकेश्वरेंना नवा संगणक श्रावणात बाबासोनंच विकला होता.

"शिरोळकडच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटवायचा समारंभ हाय," नागाप्पा सांगू लागले. "त्याची निमंत्रणं मशीनमधी अडकल्यात. प्रोग्रॅम उघडाय गेलं की म्हणतंय, परवानगी न्हाय. मशीन माझं आणि परवानगी मलाच न्हाय!"

"संशय कुणावर?" विजयमालांनी विचारलं.

"संशय कसला? रोहिणी मगदूम, आमची ऑपरेटर. सांगलीच्या छापखान्यातनं तिला बोलावणं आलंय. जाता जाता कुलूप घालून ठेवलं की पोरीनं. प्रोग्रॅमच्या माहितीत मालक म्हणून तिचंच नाव लागलंय. दोन छापखान्यांना मी फोन करून सांगितलंय, हिला दारात उभी करू नका म्हणून. संध्याकाळी पोलिसांत जाणार."

"मशीन तुम्ही चालवता?"

"छ्या! जुन्यावर बसायचो कधीमधी. ह्या नव्याला मी हात लावत न्हाय."

विजयमालांनी पर्स उचलली. "चल बाबासो."

शाहूपुरीतल्या छापखान्यात सगळ्या यंत्रांवर अजून झेंडूच्या माळा होत्या. नव्या संगणकाच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते. बाबासो खुर्चीत बसला आणि त्याच्या यातना सुरू झाल्या.

प्रोग्रॅमवर टिचकी मारली. परवानगी नाही. संगणक बंद करून परत लावला. परवानगी नाही. प्रोग्रॅमच्या नावापुढं 'श्री' लागलेलं होतं, इंग्रजी अक्षरांत. ह्या घरची रीतच असेल म्हणत त्यानं ते खोडायला घेतलं, तर तिथंही परवानगी नाही. वर बटणंही रुतत होती.

"काय घाण केलीय कीबोर्डात!" तो ब्रश मारत करवादला. "एस, एच, आर, आय, चारीच्या फटीत पांढरी राख. बाकीची बटणं बघा, लख्ख. आणि पासवर्ड पण श्रीच ठेवलाय! सगळ्या गावाला म्हाईत. असला पासवर्ड असतोय व्हय?"

"माउसवर?" विजयमाला म्हणाल्या.

"तिथं पण हाय."

त्यांनी मान हलवली आणि त्या रोहिणीकडं वळल्या. रोहिणी दाराशी उभी होती, खांद्याला पिशवी अडकवून. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"खंडेनवमीला काय झालं, सांग."

"पूजा झाली. मी मशीन बंद करत हुते, तर मालकांच्या आई, अव्वा, म्हणाल्या, दिवा मालवू नये, उजेड राहू दे. म्हणून माझ्या नावानं उघडलेलं तसंच ठेवून गेले. आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण, म्हणून लवकर निघाले. पूजा झाली की दसरा होईतोवर हत्याराला हात लावायचा न्हाय, हे इथं समदी पाळत्यात. दसऱ्याला संध्याकाळी मी मशीनवर बसले, तर उघडंना. अण्णांना हाक मारली, आणि अण्णा मलाच चोर म्हणाले. मग खुर्चीला शिवू दिलं न्हाय."

"प्रोग्रॅमचं नाव तू बदललंस?"

"मी कशाला बदलू? मशीन बसवताना बाबासोदादांनीच सगळ्यांना बजावलंतं की, ह्या नव्यात प्रोग्रॅमची नावं बदलायची न्हाईत म्हणून." तिनं खांद्यावरची पिशवी सावरली. "सांगलीला मी नको म्हणून कळवलंय. पण आता अण्णांचा फोन गेलाय. कोण ठेवणार मला?"

बाबासोला तिची दया आली आणि स्वतःचा संताप. मशीन आपण विकलं आणि ते आपल्यालाच जुमानत नव्हतं.

नागाप्पांचा मुलगा महांतेश कवठाच्या बर्फीचा पुडा घेऊन आला. "खंडेनवमीला दुपारीच दोस्तांबरोबर नरसोबाच्या वाडीला गेलतो. दसऱ्याला रात्री आलो, दोनदा टिचकी मारली, न्हाय म्हणालं, सोडून दिलं. आत कुठं उघडून बघितलं न्हाय. बर्फी घ्या."

बाबासोनं दोन वड्या घेतल्या. त्याला तेवढाच आधार होता.

छपाईच्या यंत्रावरचा केरबा चहा घेऊन आला. कपाच्या कानावर त्याच्या बोटांचे काळे ठसे होते. "ही शाई जन्मात जात न्हाय, ताई. त्या पांढऱ्या मशीनच्या वाटंला मी जाईन कशाला?"

मागच्या घरातून नागाप्पांच्या आई, शांतादेवी, काठी टेकत आल्या. विजयमालांनी त्यांना खुर्ची दिली.

"अव्वा, इथं सगळ्यावर श्री दिसते."

"मग? ह्यांच्या वेळेपास्नं रीत हाय. खंडेनवमीला घरच्या कर्त्यानं आपल्या हातानं यंत्रावर श्री काढायची. त्याबिगर आमच्यात काय चालू होत न्हाय."

कोपऱ्यात जुना संगणक धूळ खात पडला होता. विजयमालांनी तो लावला. प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावापुढं श्री होती.

"ही कुणी लिहिली?"

"नागाप्पानं. वर्सावर्साला एकेक," म्हातारी कौतुकानं म्हणाली.

तेवढ्यात बाबासो ओरडला, "घावलं!" पण लगेच त्याचा चेहरा पडला. "आक्का, माहितीच्या खिडकीत खाली बारका बाण हाय. तो उघडला की परवानग्या दिसतात. मालक रोहिणी. आणि वाचायची, लिहायची, कसलीच परवानगी कुणाला न्हाय. आतल्या झाडून सगळ्या फायलींना हेच लावलंय. नाव पोरीचंच निघालं की."

"हे वरवर बघून दिसतं?"

"कुठलं दिसतंय? मी धंदेवाईक माणूस, मला एवढा वेळ लागला."

विजयमालांनी चहा संपवला. "सगळे इथं या. अण्णा, तुम्ही पण."

सगळे जमले. रोहिणी दाराशीच थांबली.

"आधी राख," विजयमाला म्हणाल्या. "ती विभूती आहे. चारच बटणांत आहे, म्हणजे कुणीतरी विभूतीच्या ओल्या बोटांनी फक्त श्री लिहिली, एकदा पासवर्ड म्हणून आणि एकदा प्रोग्रॅमच्या नावापुढं. हे खंडेनवमीलाच झालं, कारण दसऱ्याला रोहिणी बसली तेव्हा प्रोग्रॅम आधीच बिघडलेला होता. आता त्या दिवशी पूजेनंतर हत्याराला कुणी शिवत नाही. मग शिवलं कोण? केरबाचं बोट लागलं असतं तर शाई उठली असती. महांतेश वाडीला होता. रोहिणी जैन, तिच्या बोटाला विभूती कशी येईल? आणि कुलूपच घालायचं, तर ती नावापुढं श्री कशाला लिहील?"

"मग कोण?" बाबासोला राहवेना.

"ज्याला त्या दिवशी मशीनला हात लावणं म्हणजे काम नव्हे, पूजाच वाटते तो. घरचा कर्ता. जुन्या संगणकावर नाव बदलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. नव्यानं अडवलं. प्रोग्रॅम बाबासोनं बसवलेला, म्हणून रोहिणीच्या नावाखाली तो बदलू देईना. कर्त्याला राग आला. त्यानं बाण उघडला, सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड घातला, मशीन रोहिणीच्या नावानं उघडलेलं म्हणून मालकाच्या जागी यादीतलं तिचंच नाव निवडलं, श्री लिहिली. आणि परत कुणी नाव बदलू नये म्हणून परवानग्या काढल्या आणि तेच आतल्या सगळ्या फायलींना लावलं."

नागाप्पा उसळले. "ताई, हा अंदाज झाला! पुरावा काय?"

"तुम्हीच दिलात, अण्णा, सकाळी माडीवर. मालक म्हणून तिचं नाव लागलंय, म्हणालात. तो बाण महांतेशनं उघडला नाही, रोहिणीला बसू दिलं नाही, बाबासोला तो आत्ता सापडला. मशीनला हात न लावणाऱ्या माणसाला ते नाव दिसलं कुठं?"

नागाप्पांनी खुर्ची ओढली आणि ते मटकन बसले.

"अव्वा विचारत हुती, नव्यावर श्री झाली का," ते म्हणाले. "आणि ते मशीन मला न्हाय म्हणतंय. माझ्या छापखान्यात! रागानं काय काय दाबलं, मलाच कळलं न्हाय. दुसऱ्या दिवशी चालंना, तवा ध्यानात आलं. पण पोराम्होरं, कामगारांम्होरं कसं सांगू? तिचं नाव तिथं हुतंच."

शांतादेवींनी काठी जमिनीवर आपटली. "श्री लिहून कुणी खोटं बोलतं व्हय रे?"

बाबासो आपल्या नावानं आत शिरला. मालक पूर्वीचा केला, परवानग्या परत दिल्या, आतल्या सगळ्या फायलींना लावल्या, आणि शेवटी नावापुढची श्री काढली. काढताना त्याला जरा अपराधी वाटलं. टिचकी मारली, आणि कारखान्याचं निमंत्रण पडद्यावर उमटलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यानं मोकळा श्वास घेतला.

"झालं!" नागाप्पा उठले. "रोहिणी, बस बाळ. कामाला लाग."

रोहिणी जागची हलली नाही. खांद्यावरची पिशवीही तिनं काढली नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "फोन."

नागाप्पांनी विजयमालांकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी आईकडं पाहिलं. आईनं काठीनं टेबलावरचा फोन दाखवला.

त्यांनी नंबर फिरवला. केरबानं यंत्र बंद केलं. "संकेश्वरे बोलतोय," नागाप्पांचा आवाज बसला होता. "आमच्या रोहिणीबद्दल काल बोललो, ते खोटं हाय. चूक माझी हाय. व्हय, माझी." त्यांनी फोन ठेवला आणि दुसरा नंबर फिरवला. तेच शब्द, तितकेच जड.

दुसरा फोन खाली ठेवला गेला तेव्हा रोहिणीनं पिशवी खिळ्याला अडकवली. कुंकवाचा करंडा घेऊन ती शांतादेवींकडं गेली. म्हातारीनं संगणकाच्या कडेला बोटानं श्री काढली. मशीननं कसलीही हरकत घेतली नाही.

मग रोहिणी खुर्चीत बसली. तिनं सगळ्यांना पाठ फिरवायला सांगितलं, आणि पासवर्ड बदलला.