एक वीत

लाईट गेली की आम्ही पोरं पितांबर आबांच्या ओट्यावर जमतो. आबा आधी सगळ्यांचे मोबाईल खिशात ठेवायला लावतात. परवा त्यांनी झुलालची गोष्ट सांगितली.

"झुलाल वरणगावकडचा. माझ्याबरोबर ट्रकवर होता. खोटं बोलणारा माणूस नाही. मागची कोजागरी झाली ना, तिच्या दुसऱ्या रात्री घडलेलं. सकाळी चाळीसगावहून त्याची बहीण येणार होती, बेबाबाई. तिला तापीतली वाम आवडते. म्हणून हा संध्याकाळी गळ घेऊन निघाला. सहा वर्षांची डिंपल मोटरसायकलच्या टाकीवर चढून बसली. 'आत्याची मच्छी मीच धरणार!' नूतन, त्याची बायको, दारातून म्हणे, 'पोरले पान्याजोडे जाऊ दिऊ नका, सांगी ठेवस.'

तापीच्या वाळूवर आदल्या रात्री निम्मं गाव दूध आटवायला बसलं होतं, पोराबाळांसकट. आता कोणी नव्हतं. विझलेल्या चुली आणि कागदी पेले. झुलालने पाण्यापासून एक वीत सोडून काठी रोवली. डिंपलची लाल रिबीन तिला बांधली. गळ टाकणारे अशी खूण करतातच. वरच्या अंगाला पाऊस झाला तर नदी न सांगता चढते. पाणी काठीला लागलं की उठायचं.

'या काठीच्या पुढे यायचं नाही,' त्याने पोरीला बजावलं. तिने काठीच्या मागे ओल्या वाळूत पाय घालून खोपे केले. खेळून दमली आणि वरच्या बाजूला, बापाजवळ चादरीवर झोपली."

"आबा, वामच्या जागी हडळ लागली का गळाला?" आमच्यातला नवीन म्हणाला. आम्ही हसलो.

"हास भो, हास," आबा म्हणाले. "ती लागती तर बरं होतं."

मग ते जरा हळू बोलायला लागले.

"दोरी बोटाला गुंडाळून झुलाल बसला. ढग आले, चांदणं गेलं. त्याने टॉर्च मारला. काठी कोरडी. पाणी एक वीत खाली.

मासा लागेना. जिवाला चैन पडेना. पुन्हा टॉर्च. काठी कोरडी. एक वीत.

डिंपल अर्धवट जागी झाली. 'पप्पा... काठी सरकली.'

'तू हात लावला का?'

'मी नाही...'

'झोप.'

पण त्याला राहवेना. टॉर्च मारला. रिबीन एवढी जवळ, की हात लांबवला तर लागेल. कोरडी. पाणी एक वीत खाली.

आणि खोपे?

खोपे काठीच्या मागे होते. आता काठीच्या मागे फक्त चादर होती.

पाणी केव्हाचं चढत होतं. कोणीतरी काठी उपटायचं... मागे रोवायचं. पुन्हा उपटायचं. त्याला कळू नये म्हणून.

त्याने पोरीला खांद्यावर टाकलं. वळला. आले त्या सखल वाटेवरही पाणी होतं. गुडघ्याला. कमरेला. छातीला... तो ओरडला नाही. ओरडून बोलवायचं कोणाला? आणि कोण आलं असतं?

कसाबसा काठाला लागला. मागे टॉर्च मारला.

पाणी. पाण्यापासून एक वीत... काठी. लाल रिबीन. कोरडी."

आबा थांबले. नवीन ओट्याच्या कडेवरून आत सरकून बसला.

"घरी आला. पोरीला कोरडे कपडे घालून आतल्या खोलीत झोपवलं. नूतनला म्हणाला, घसरलो. दाराला कडी लावली, ती दोनदा तपासली.

सकाळी बेबाबाई आली. पिशवी हातातच, फाटकात उभी राहून हाक मारते, 'झुलाल, हाई काठी कोनी गाडी रे आठे?'

तो दार उघडून बाहेर आला. अंगण ठणठणीत कोरडं. पावलाचा ठसा नाही.

काठी उंबऱ्यापासून एक वीत.

आणि रिबिनीतून पाणी टपकत होतं."