खरवडलेल्या सात सह्या

सकाळी साडेनऊला कलादालनाच्या रखवालदाराने दिवे लावले आणि पहिल्याच चित्रासमोर त्याचे पाय थबकले. चित्र जागेवर होतं, चौकट शाबूत होती. फक्त उजव्या कोपऱ्यातली सही नव्हती. तिथे बोटभर निस्तेज पट्टा उरला होता.

दुसऱ्या चित्राचंही तेच. तिसऱ्याचंही तेच. सात चित्रांची हीच गत बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उरलेल्या आठव्या, रांगेच्या मधोमध टांगलेल्या चित्रावर मात्र सही जिथल्या तिथे होती, लांब शेपटीची, चांगली रुबाबदार.

दहाच्या सुमाराला इन्स्पेक्टर बाई आल्या. खात्यात त्यांना 'फूटपट्टी' म्हणत, अर्थात पाठीमागे. नऊ वर्षं त्यांनी अपघात विभागात काढली होती. गाडी किती अंतरावर होती, फोटो कुठून आणि किती उंचीवरून काढला, हे फोटोवरूनच मोजून काढायचं, असं ते काम. तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये मोजपट्टी आणि दोऱ्याचं रीळ कायम असे. माणसं बोलताना फिरतात, मापं फिरत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

दालनाचे संचालक घाम पुसत होते. "संध्याकाळी सहाला कार्यक्रम आहे. ही आठही चित्रं कायमची या भिंतीवर राहणार. चित्रकार सरांच्या नावाची पितळी पाटीसुद्धा तयार आहे. मला विचाराल तर हे त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं काम. दोघांचं वर्षभर वाकडं आहे. सात उरकली आणि कोणाची तरी चाहूल लागली असणार."

बाई पहिल्या चित्राच्या कोपऱ्याशी नाक टेकतील इतक्या वाकल्या. सही ब्लेडने काढली होती. पण खालच्या रंगाला ओरखडासुद्धा नव्हता. ज्याने हे केलं त्याचा चित्रावर काडीचाही राग नव्हता.

"काल या चित्रांपाशी एकटं कोण कोण होतं?" त्यांनी रखवालदाराला विचारलं.

"दुपारी तो विद्यार्थी होता, त्यानेच चित्रं टांगली. चारला सर येऊन बघून गेले. आणि साडेपाचला काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, फुलदाण्या ठेवायला आल्या. मी चहाला गेलो होतो."

"किती वेळ?"

"अर्धा तास असेल." तो ओशाळला. "चहा गरम होता, बाई."

विद्यार्थी म्हणजे तिशीचा, दाढी वाढवलेला गृहस्थ निघाला. त्याने आडपडदा ठेवला नाही. "सरांवर माझा राग आहे. त्यांनी माझं काम चारचौघांत फाडून टाकलं होतं. पण या सात चित्रांपुढे मी तासन्‌तास बसलोय. कोणी ब्लेड घेऊन आला असता, तर मी त्याचा हात मोडला असता."

"सात? चित्रं तर आठ आहेत."

तो जरा घोटाळला. "आठवं चांगलंच आहे हो. पण ते बघून रडू येत नाही. का, ते मला सांगता येणार नाही."

"सर शिकवायचे काय?"

"यथार्थदर्शन. म्हणजे सपाट कागदावर खोली कशी दाखवायची, त्याचं गणित. एक वाक्य तर आमच्याकडून घोकून घ्यायचे. क्षितिजरेषा म्हणजे चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. आणि बसून काम केलेलं त्यांना खपायचं नाही. कान धरून उठवायचे. तीस वर्षं स्वतःही उभ्यानेच काढतात."

इतक्यात सर स्वतःच आले. सव्वासहा फूट उंच, आत येताना दाराखाली सवयीने वाकले. केस पांढरे, सदऱ्याच्या खिशात रंगाची नळी आणि बारीक ब्रश.

"मला तक्रार करायची नाही," ते आल्या आल्या म्हणाले. "सहापर्यंत मी पुन्हा सह्या करतो. विषय संपला."

"कोणावर संशय?"

"नाही."

"आठवी सही का सोडली असेल?"

"मला काय माहीत!" आवाज चढला आणि लगेच उतरला. "कार्यक्रम होऊ द्या, बाई. हात जोडतो."

ज्याच्या सात चित्रांना ब्लेड लागलं तोच तपास नको म्हणतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे सांगायला पोलीस लागत नाहीत. बाईंनी सह्या थांबवल्या, सगळ्या चित्रांचे मोठे फोटो मागवले आणि टेबलाशी बसल्या.

आठही चित्रांत एकच खोली होती. चौकोनी फरशी, एका भिंतीला दार, शेजारच्या भिंतीला खिडकी. चार चित्रं दाराकडे बघत होती. एकात दाराबाहेर चपलांचे जोड, एकात दारातून दिसणारी स्वयंपाकघरातली पाठमोरी बाई. तीन चित्रं खिडकीकडची. त्यांत माणूस नव्हता, फक्त दिवसाचा उजेड बदलत गेलेला. आठव्यात तीच खोली दारातून दिसत होती आणि मधोमध एक रिकामी खाट होती.

बाईंनी फोटोवर फरशीच्या रेषांवरून दोरे ताणले. लांब जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र येतात तिथे टाचणी टोचली. सात वेळा टाचणी दाराच्या मुठीच्या किंवा खिडकीच्या कट्ट्याच्या किंचित वर गेली. आठव्या वेळी ती पार दाराच्या चौकटीच्या वरच्या बाजूला पोचली. त्यांनी पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

दुपारी एकला त्या चित्रकाराच्या घरी गेल्या. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ठेंगणी, साठीची बाई, गळ्यात शिवणाचा टेप. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, कापडाचे तुकडे, उसवायला घेतलेला एक झगा.

"शिवणवर्ग चालवता?"

"चाळीस वर्षं. निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी चुकीचं शिवलेलं उसवण्यात गेलं," ती हसली. हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

आतली खोली चित्रातलीच होती. आता तिथे खाट नव्हती, काहीच नव्हतं.

"इथे कोण राहायचं?"

"आमची मुलगी. पाठीच्या कण्याचा आजार. सहा वर्षं आडवी होती. जाऊन दोन वर्षं होतील." तिने हे एका दमात सांगितलं, फार वेळा सांगावं लागलेलं माणूस सांगतं तसं.

बाईंनी मुठीची उंची मोजली, तीन फूट दोन इंच. मग खिडकीच्या भिंतीपासून फरशीचे सांधे मोजले आणि चौथ्यावर खडूने रेघ ओढली. दाराच्या भिंतीपासून मोजले आणि नवव्यावर दुसरी रेघ ओढली. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या त्याच्या आजूबाजूला फरशीवर चार फिकट गोल डाग होते, खाटेच्या पायांचे.

बायको दारात उभी राहून बघत होती. तिचा पदर तोंडाशी गेला.

"चार वाजता दालनात या," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

चारला दालनात चौघंच होती. बाई, चित्रकार, त्याची बायको आणि संचालक. रखवालदाराला बाहेर बसवलं होतं.

"सगळ्यांनी सात चित्रांचा विचार केला," बाईंनी सुरुवात केली. "मला आठव्याने छळलं. ब्लेडवाल्याला कोणाची चाहूल लागली नव्हती. अर्धा तास होता, आणि आठवं चित्र रांगेच्या मधोमध टांगलंय. त्याला वळसा घालून हात पुढे गेला. म्हणजे ते मुद्दाम सोडलं. का?"

बाई आठव्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सपाट रस्त्यावर उभे राहा. तुमच्याच उंचीची माणसं कितीही लांब जाऊ देत, त्यांचे डोळे तुमच्या डोळ्यांच्याच रेषेत दिसतात. चित्रात ती रेषा सापडली, की काढणाऱ्याचे डोळे जमिनीपासून किती वर होते ते कळतं. आठव्या चित्रात ते पाच फूट दहा इंचांवर आहेत. ते सरांचं चित्र. बाकी सातांत साडेतीन फुटांवर."

"बसून काढली," चित्रकार म्हणाला.

"बसा." बाईंनी खुर्ची पुढे केली. तो बसला. त्यांनी पट्टी लावली. "चार फूट चार इंच. शिवाय तुम्ही बसत नाही, ही गोष्ट तुमचा अख्खा वर्ग सांगतो."

त्याने मान खाली घातली.

"उंची झाली. आता जागा. चित्रात फरशीचा जो सांधा सरळ उभा दिसतो, तो काढणाऱ्याच्या बरोबर समोरचा. बाकीचे तिरके होतात. दाराकडच्या चारही चित्रांत तो खिडकीपासून चौथा आहे. खिडकीकडच्या तिन्ही चित्रांत दारापासून नववा. दोन्ही सांधे तुमच्या घरी एकाच ठिकाणी भेटतात, खाटेच्या चार पायांच्या मध्ये. उशांना टेकून बसलेल्या माणसाचे डोळे साडेतीन फुटांवर येतात. ही सात चित्रं सरांची नाहीत. ती तुमच्या मुलीची आहेत."

संचालक मटकन बाकावर बसले.

"कोणतं चित्र कोणाचं, हे जगात तिघांना माहीत होतं. एक आता नाही. दुसऱ्याला त्या सह्या हव्या होत्या. आणि शिवण कुठेही कापडाला धक्का न लावता उसवणारा हात..." बाई थांबल्या. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं.

"माझाच," बायको म्हणाली. "तिच्या रंगाला लागू दिलं नाही मी. एवढं खरं ना?"

"अगदी खरं."

"मला माहीत होतं, हिनेच केलंय," चित्रकार पुटपुटला. "सकाळी आत पाऊल टाकल्याबरोबर कळलं."

"मग तुम्हाला हेही माहीत असेल की का केलं." ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "सांगा ना यांना. तिने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मग तो बोलायला लागला, आणि तो सव्वासहा फुटांचा माणूस बोलता बोलता लहान होत गेला.

"ती म्हणाली, बाबा, माझं नाव घातलंत तर लोक चित्र बघणार नाहीत, खाट बघतील. बिचारी म्हणतील. आधी तुमच्या नावाने लावा. लोकांनी मनापासून बघितलं की मग सांगा, माझी आहेत. मी कबूल केलं. पहिल्या प्रदर्शनाला लोक उभे राहून रडले. माझ्या हातात हात घेऊन... बाई, तीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं. माझ्या चित्रांच्या रेघा कधी चुकल्या नाहीत, आणि त्यांच्यापुढे कोणी दोन मिनिटं थांबलंही नाही. त्या दिवशी वाटलं, आजचा दिवस असू दे. उद्या सांगू."

"घरी आलात," बायको म्हणाली. "ती जागी होती. केस विंचरून घेतले होते माझ्याकडून, कोणी भेटायला आलं तर म्हणून. तिने विचारलं, सांगितलंत? तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी. ती म्हणाली, चालेल की, बाबा. नंतर अकरा महिने जगली ती. दाराकडे तोंड करून. तिने पुन्हा एकदाही विचारलं नाही."

"मला वाटलं, ती विसरली."

"ती तुम्हाला सांभाळून घेत होती!"

त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बाईंनी नजर भिंतीकडे वळवली. गुन्हा उलगडला की त्यांना एरवी हलकं वाटे. आज तसं वाटलं नाही. पुरावा पक्का, कबुली समोर आणि जिची वस्तू चोरीला गेली ती तक्रार करायला येणार नाही.

"आज पितळेची पाटी लागणार म्हणून कळलं," बायको म्हणाली. "पितळ मला ब्लेडने काढता आलं नसतं. म्हणून काल आले."

"तक्रारीचं काय लिहू?" बाईंनी संचालकांना विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग उठून पितळी पाटी काखेत मारली आणि आत ठेवायला गेले.

चित्रकाराने खिशातून रंगाची नळी काढली. झाकण उघडलं. पहिल्या चित्रापाशी जाऊन तो वाकला, ब्रश कोपऱ्याशी नेला आणि तिथेच थांबला.

"ती सही कशी करायची?" त्याने विचारलं. "मला आठवत नाहीये. कशी करायची गं?"

"तिने कधी केलीच नाही. कुठे करणार होती?"

"मग मी तिचं नाव लिहितो."

"तुमच्या अक्षरात नको," ती म्हणाली, आणि ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला.

तिने जन्मात ब्रश धरला नव्हता. खडू धरावा तसा तिने तो धरला आणि मुलीचं पूर्ण नाव एकेक अक्षर सुटं करून लिहिलं. अक्षरं वाकडी आली. तिने पुसली नाहीत. ती दुसऱ्या चित्राकडे गेली, मग तिसऱ्याकडे. बाहेर लोक जमायला लागले होते. साडेपाच झाले होते, आणि ही चित्रं कोणाची, ते आता चित्रकारालाच पुढे होऊन त्यांना सांगावं लागणार होतं.

चौथ्या चित्रापाशी तिला दिसेनासं झालं. तो जवळ आला आणि त्याने तिच्या मनगटाला खालून आधार दिला. ब्रशला मात्र हात लावला नाही.