साखळीतली शेवटची

लाइट गेली ते एका अर्थी बरंच झालं. त्या मोबाइलच्या बॅटऱ्या बंद करा आणि सतरंजीवर जवळजवळ बसा. घाबरून नाही रे, माझा आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही म्हणून. उद्या पहाटे बार्शीच्या मैदानावर तुम्हाला पळायचंय, आणि तुमच्या सरांनी मला तुमच्यावर लक्ष ठेवायला पाठवलंय, गोष्टी सांगायला नाही. पण ‘शिवलिंगप्पा काका, भुताची सांगा की’ म्हणून मघापासून माझं डोकं खाल्लंत. भुताखेतांची मला येत नाही. घडलेली एक सांगतो. आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीतल्या गुरुशांत सरांची. त्यांनीच मला सांगितली, एकदाच, आणि पुन्हा विषय काढू नका म्हणाले.

मागच्या वर्षीची सतरा मे, शनिवार. दिवेलागणीला गुरुशांत सर पेठेतल्या दुकानातून फक्कीचं पोतं घेऊन निघाले. मैदानावर पट्टे आखायची पांढरी भुकटी, तुम्हाला ठाऊकच आहे; एकदा हाताला लागली की दोन दिवस नखांतून निघत नाही. पोतं नवंकोरं, तोंड दोऱ्यानं शिवलेलं. सरांनी ते मोटारसायकलच्या मागच्या सीटवर आडवं टाकलं, दोरीनं करकचून आवळलं, दुकानदाराशी उन्हाबद्दल चार शब्द बोलले आणि अक्कलकोट रोडनं कुंभारीकडे निघाले. तिथं त्यांच्या शाळेच्या पोरी थांबल्या होत्या. मे महिन्यात आपल्याकडे दिवसा पळायची सोय नाही, म्हणून सर अंधार पडल्यावर सराव घ्यायचे. हायवे सोडून आत शेतांतून जाणारा एक जुना डांबरी रस्ता आहे, वाहन क्वचित. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये ओढ्यावरची एक मोरी, बाकी सगळं मोकळं.

आता गुरुशांत सर कसा माणूस, ते सांगायला हवं. वाईट नव्हे. पोरींना स्वतःच्या पगारातून बूट घेऊन देणारा. पण हट्टी, असा हट्टी की विचारू नका. त्यांच्या सरावाला ते ‘साखळी’ म्हणायचे. पोरी एकामागोमाग एक पळायच्या आणि सर सगळ्यांच्या मागून गाडीचा उजेड टाकत यायचे. त्यांनी शिट्टी मारली की सगळ्यात शेवटची पोरगी वेग वाढवून बाजूनं पुढं जायची. जिला ओलांडेल तिच्या पाठीवर थाप मारायची. थाप बसली की त्या पोरीनं एक पाऊल कडेला सरून वाट द्यायची. पुन्हा शिट्टी, पुन्हा नवी शेवटची पुढं. आणि या सगळ्यावर एक नियम: मागं वळून बघायचं नाही. बघितलं की पाऊल चुकतं, शर्यत जाते. जी मागं राहील तिच्यासाठी साखळी थांबायची नाही, गाडीसुद्धा थांबायची नाही. मागं राहणं कसं असतं ते तिला कळावं. बोलल्याप्रमाणे वागायचं म्हणून या गृहस्थानं स्वतःच्या गाडीचे दोन्ही आरसे काढून टाकले होते. हसू नका. पोलिसांनी दोनदा दंड केला, तरी लावले नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात याच रस्त्यावर काव्या गेली.

काव्या म्हणजे संघाची लाडकी. मैदान आखायचं काम तिचं, त्यामुळे हात कायम पांढरे. त्या रात्री ती साखळीत मागं पडली. सर तिला ओलांडून पुढं गेले. पोरी शेवटच्या टोकाला पोचल्या, पाणी प्यायल्या, तरी काव्या आली नाही. शोधायला गेले तेव्हा ती मोरीजवळ पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासून नाजूक असावं. सगळ्यांनी तेच धरलं. शाळेनं धरलं, सरांनी तर घट्ट धरलं. तिच्या वडिलांनीही कुणाला शब्दानं दुखवलं नाही. नियम मात्र सरांनी तसाच ठेवला. मला विचाराल तर, नियम बदलला असता तर चूक आपली होती असं कबूल केल्यासारखं झालं असतं. ते त्यांना झेपणारं नव्हतं.

तर त्या शनिवारी सर पोचले. पोरी तयार होत्या: महेश्वरी, सिद्धेश्वरी, आणखी दोघी, आणि सृष्टी. सृष्टी म्हणजे त्या वर्षीचं सोनं. पुढच्याच आठवड्यात पुण्याला एका निवासी क्रीडाशाळेची निवड चाचणी होती. निवड झाली तर पोरीचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं मार्गी लागणार. तिची आई सोनाबाई टॉवेलच्या कारखान्यात कामाला. ती सरांना म्हणाली होती, “सर, पोरगी आता तुमच्या हवाली. तुमी म्हणाल तसं.”

सृष्टी बूट बांधत बसली होती, ती उठलीच नाही.

“सर, आज मला ऱ्हाऊ द्या का? डोकं गरगरतंय.”

“दुपारी उन्हात हिंडली असशील.”

“व्हय, कारखान्यावर डबा द्यायला गेलते. पन सर… मला आज घामच येत न्हाय.”

तुम्ही पळणारी पोरं. एवढ्या उकाड्यात घाम येत नाही याचा अर्थ तुम्हालासुद्धा कळतो. सरांना कळला नसेल? कळला. पण पुण्याची तारीख डोळ्यांसमोर होती.

“दोन फेऱ्या मार, घाम आपोआप येतोय बघ. पुण्यात असं सांगणार हायस का? चल, ऊठ.”

ती उठली. हवाली केलेली पोरगी, उठणारच.

साखळी सुरू झाली. चंद्र उगवायला अजून बराच वेळ होता. वारा पडलेला. बुटांचा आवाज, श्वासांचा आवाज, गाडीची फटफट. शिट्टी वाजली, एक पुढं गेली. शिट्टी वाजली, दुसरी गेली. असं होत होत सृष्टी शेवटची झाली. सरांनी शिट्टी मारली. ती पुढं गेली नाही. पुन्हा मारली. तिची पावलं वाकडी पडायला लागली. ती साखळीपासून हातभर सुटली, मग दोन हात, मग गाडीच्या अगदी बरोबरीला आली.

सर क्षणभर रेंगाळले, असं ते मला म्हणाले. मग गाडी तिच्या बाजूनं काढून पुढं नेली.

मागं पाहिलं नाही.

थोडं अंतर गेलं. पुढं मोरी दिसायला लागली. सरांनी सवयीनं शिट्टी मारली. आणि त्यांच्या पाठीवर थाप पडली.

हलकी. साखळीत मारतात तशीच.

सरांना काय वाटलं असेल? आनंद झाला. पोरगी जिद्दीची, गाडी गाठली हिनं! “शाब्बास, सृष्टी!” ते मोठ्यानं ओरडले. आता ती बाजूनं उजेडात येईल म्हणून बघत राहिले.

उजेडात कोणी आलं नाही.

पण समोर सगळ्यात मागे असलेली सिद्धेश्वरी एक पाऊल कडेला सरकली. वाट दिली तिनं. मग तिच्या पुढची सरकली. मग तिच्या पुढची. एकेक पोरगी थाप बसल्यासारखी खांदा आवळायची आणि कडेला व्हायची. मधून जाणारं… कोणी नव्हतं. रिकामा रस्ता आणि उजेडात उडणारी धूळ.

शेवटी सगळ्यात पुढची महेश्वरी सरकली.

आणि ती थांबली. तिच्यावर दुसरी आदळली. साखळी तुटली. सरांनी कचकन ब्रेक दाबला, गाडी बंद पडली, दिवा मंद झाला.

“थांबलीस का गं?”

“सर… माझ्या म्होरं कोन हाय?”

“सृष्टी हाय की. आत्ता गेली न्हाय का?”

सिद्धेश्वरीनं सांगितलं, अगदी बारीक आवाजात. “सर, सृष्टी न्हाय ती. सृष्टीच्या बुटाचा आवाज मला ठावं हाय.”

सगळ्या ऐकत राहिल्या. मोरीच्या पलीकडं, अंधारात, पावलं वाजत होती. एकसारखी. न दमलेली. टप… टप… टप…

मग थांबली.

मोरीखाली पाणी नव्हतं, शेतात कुत्रं नव्हतं. काहीच आवाज नाही…

पावलं परत यायला लागली.

पोरी आपोआप रस्त्याच्या दोन कडांना झाल्या. पावलं मधून आली. महेश्वरीच्या जवळून. सिद्धेश्वरीच्या जवळून. गाडीच्या पुढच्या चाकाशी… सरांच्या गुडघ्याशी… आणि त्यांच्या मागं गेली.

थांबली.

सरांचा सदरा मागून ओढला गेला.

पोतं सरकलं असेल. सरांनी मागं हात नेला, मान न वळवता. पोतं जागच्या जागी होतं. दोरी घट्ट होती.

पुन्हा ओढ बसली. या वेळी मूठ भरून. खाली, मागे. अजिजीनं.

पोरांनो, इथं सरांनी मला जे सांगितलं ते त्यांनी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं. शाळेला नाही, काव्याच्या वडिलांना नाही, स्वतःच्या आईलाही नाही. काव्या गेली त्या रात्री गाडी तिला ओलांडत असताना तिनं सरांचा सदरा धरला होता. मागून, मूठ भरून. सरांना वाटलं, पोरगी लबाडी करते, गाडीच्या ओढीनं पळायला बघते. त्यांनी खांदा झटकला आणि म्हणाले, “हात काढ.”

तिनं काढला.

मागं पाहिलं असतं तर तिचा चेहरा दिसला असता.

गुरुशांत सर त्या बंद गाडीवर बसून होते. पाठीवरची मूठ सुटत नव्हती. अंगाला दरदरून घाम… आणि तोंडातून शब्द निघाला तो एवढाच.

“काव्या… धर. सोडू नको.”

आणि त्यांनी मान वळवली.

मागं कोणी नव्हतं. नुसता काळा रस्ता. त्या काळ्या रस्त्यावर सृष्टीचा आवाज नव्हता, पाऊल नव्हतं, काही नव्हतं. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: सृष्टी मागंच राहिलीय.

मग काय, गाडी फिरवली. पोरी ओरडत मागून पळत सुटल्या. सृष्टी बाभळीखाली पडली होती, कातडी तव्यासारखी तापलेली, घामाचा टिपूस नाही, डोळे फिरलेले. सरांनी दोरी सोडून पोतं रस्त्यावर टाकलं. पोरींनी बाटल्यांतलं होतं नव्हतं ते पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर ओतलं. तिला मध्ये धरून सिद्धेश्वरी मागं बसली आणि सरांनी गाडी हाणली ती थेट हॉस्पिटलच्या दारात. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाइन लावलं. पहाटे बाहेर येऊन म्हणाले, “उष्माघात. आणखी अर्धा तास गेला असता तर हाती लागली नसती.”

सोनाबाई बाकावर बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्या रात्रीचं सगळं सांगितलं तिला. घाम येत नाही म्हणून पोरीनं सांगितलं होतं तेही. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पोरगी वाचली म्हनून बोलत न्हाय मी. पन सर, पोरगी सांगत व्हती की वो तुमाला.”

सृष्टी पुण्याला गेली नाही त्या वर्षी. या वर्षी गेली. गुरुशांत सरांच्या गाडीला आता दोन आरसे आहेत, आणि गाडी नुसती साखळीच्या मागे नसते, मागं राहिलेल्या पोरीच्याही मागे असते. तो नियम कुणाच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

आता झोपा म्हणालो असतो. पण एक राहिलं.

उजाडल्यावर सर त्या रस्त्यानं जाऊन पोतं घेऊन आले. पडलं होतं तसंच होतं. तोंडाची शिवण शाबूत, एक टाका उसवलेला नाही, चिमूटभर फक्की बाहेर आलेली नाही. घरी आले, अंगातला निळा सदरा काढून न्हाणीत टाकला आणि खाटेवर आडवे झाले. त्यांची आई, चंद्रव्वा, कपडे भिजवायला बसली. वय झालेली बाई, तिला रात्रीचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सदरा उलगडला आणि तशीच धरून बसली.

सदऱ्याच्या पाठीवर फक्कीची बोटं उमटली होती. पाच. वर घट्ट रोवलेली आणि खाली ओढत गेलेली. कपडा धरला होता आणि सुटला, असं…

“अय्यय्यो, गुरू,” चंद्रव्वा म्हणाली, “हे डाग तर मी गेल्या वर्षीच धुतलं व्हतं की रे.”